दोन व्होल्टवर वाकणारी कार्बनची पट्टी: व्होल्टेज वाढवण्याआधी काय तपासावे

नाशिकच्या एका महाविद्यालयात पदव्युत्तर प्रकल्प करणाऱ्या विद्यार्थ्याने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांनी नारळाच्या करवंटीचा ॲक्टिव्हेटेड कार्बन, पीव्हीडीएफ-एचएफपी हे पॉलिमर आणि ईएमआय-बीएफ४ हे आयोनिक लिक्विड (म्हणजे द्रवरूप मीठ; यात ईएमआय हा धन आयन आणि बीएफ४ हा ऋण आयन) वापरून तीन थरांची पट्टी तयार केली. पट्टीची मोकळी लांबी २० मिमी, रुंदी ४ मिमी आणि जाडी पाव मिलिमीटर आहे. दोन व्होल्टवर पहिल्या दिवशी तिचे टोक ४ मिमी सरकले. तिसऱ्या दिवशी जेमतेम १ मिमी. आता व्होल्टेज पाचपर्यंत वाढवावे का, की कार्बाइडपासून केलेला महागडा कार्बन मागवावा, असे त्यांनी विचारले आहे. ही पट्टी त्यांना द्राक्षबागेत पानांची स्थिती टिपणाऱ्या प्रकाश-सेन्सरचे झाकण हलवण्यासाठी आणि पुढे जमल्यास ठिबकचा व्हॉल्व्ह उघडण्यासाठी वापरायची आहे.

मी अंबडच्या एका लहान युनिटमध्ये गेली अकरा वर्षे कार्बन इलेक्ट्रोडचे थर देण्याचे काम करतो. त्यातली बरीच वर्षे सुपरकॅपॅसिटरच्या इलेक्ट्रोडमध्ये गेली आणि त्याच थरांपासून वाकणाऱ्या पट्ट्या करण्याचे काम गेली पाच वर्षे चालू आहे. म्हणून सुरुवातीलाच स्पष्ट सांगतो: व्होल्टेज वाढवू नका आणि नवा कार्बनही आत्ता मागवू नका. तुमची पट्टी पहिल्या दिवशी ४ मिमी सरकली, म्हणजे तुमचा कार्बन काम करतो आहे. तिसऱ्या दिवशी ती का थांबली, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर बहुधा पाणी, क्लिप आणि चार्ज आत पोहोचण्याची वाट या तीन ठिकाणी आहे.

ही पट्टी वाकते कशी, ते आधी नीट डोळ्यासमोर आणावे लागेल, कारण पुढची सगळी कारणमीमांसा त्यावरच उभी आहे. पट्टी म्हणजे मुळात एक कॅपॅसिटर आहे. दोन बाजूंना सच्छिद्र कार्बनचे थर आणि मध्ये आयन जाऊ देणारा पण इलेक्ट्रॉन न जाऊ देणारा पडदा. व्होल्टेज दिले की ऋण बाजूच्या कार्बनमधल्या सूक्ष्म छिद्रांत धन आयन शिरतात आणि धन बाजूला ऋण आयन जमतात. कार्बनच्या एका ग्रॅममध्ये हजार ते दोन हजार चौरस मीटर इतका पृष्ठभाग असतो, म्हणून इतक्या कमी व्होल्टेजवरही आयनांची मोठी गर्दी होते. दाटीने बसलेले आयन छिद्रांच्या भिंतींना रेटतात आणि तो थर फुगतो. दोन्ही बाजू सारख्या फुगल्या असत्या तर पट्टी सरळच राहिली असती. पण दोन प्रकारच्या आयनांचा आकार आणि वेग वेगळा असल्याने एक बाजू जास्त फुगते आणि पट्टी दुसरीकडे वाकते. तुमच्यासारख्या ईएमआय आयन असलेल्या पट्ट्या बहुतेक वेळा धन ध्रुवाकडे वाकतात, म्हणजे ऋण बाजू जास्त फुगते.

या वर्णनात व्होल्टेजचा उल्लेख ओझरताच आला, हे लक्षात घ्या. पट्टी हलते ती छिद्रांत शिरलेल्या चार्जमुळे. व्होल्टेज त्या चार्जला ढकलते, पण वाट बंद असेल किंवा ढकललेला चार्ज दुसऱ्याच कामात खर्च होत असेल, तर जास्त ढकलून वाकणे वाढत नाही. जिथे आधीच बिघाड चालू आहे, तिथे तोच वाढतो.

तुमच्या पट्टीचा हिशेब मांडून पाहू. दोन्ही बाजूंचे कार्बनचे थर प्रत्येकी ०.१ मिमी आणि मधला पडदा ०.०५ मिमी धरला, तर एका थराचे आकारमान ०.००८ घन सेंमी होते. वाळलेल्या थरात कार्बनची घनता घन सेंटिमीटरला अर्धा ग्रॅमच्या आसपास असते, म्हणजे एका बाजूला सुमारे ४ मिलिग्रॅम कार्बन आहे. चांगल्या ॲक्टिव्हेटेड कार्बनची क्षमता आयोनिक लिक्विडमध्ये ग्रॅमला ८० फॅरडच्या आसपास धरायला हरकत नाही. म्हणजे एका थराची क्षमता ०.३२ फॅरड आणि दोन थर एकापुढे एक जोडलेले असल्याने पूर्ण पट्टीची ०.१६ फॅरड. दोन व्होल्टवर तिच्यात सुमारे ०.३२ कूलोम चार्ज मावतो. चार मिलिमीटर रुंद पट्टीसाठी हा आकडा चांगलाच मोठा आहे.

आता हा चार्ज किती वेळात आत जातो, ते पाहा. मधल्या पडद्याची आयनिक वाहकता सेंटिमीटरला एक मिलिसीमेन्स धरली, तर ०.८ चौरस सेंमी क्षेत्रफळावर त्याचा रोध ६ ओहमच्या जवळ येतो. हा त्रासदायक नाही. पण कार्बनच्या थरातून इलेक्ट्रॉनना क्लिपपासून टोकापर्यंत २० मिमी जावे लागते आणि बाइंडरने, म्हणजे कण धरून ठेवणाऱ्या पॉलिमरने, बांधलेल्या कार्बनचा या अंतराचा रोध सहज शंभर ओहम असतो, पुष्कळदा त्याहून कितीतरी जास्त. शंभर ओहम आणि ०.१६ फॅरड यांचा गुणाकार १६ सेकंद होतो. रोध थरभर पसरलेला असल्याने हा अंदाज ढोबळ आहे, तरी त्याचा अर्थ खरा आहे: क्लिपजवळचा भाग लगेच चार्ज होतो आणि टोकाकडचा भाग वाट पाहत राहतो. तुम्ही दहा सेकंदांनी ध्रुव बदलत असाल, तर पट्टीचा अर्धा भाग कधी कामाला लागलाच नाही. पट्टीचा वाक बाजूने पाहिलात तर हे डोळ्यांनाही दिसते. निरोगी पट्टी सबंध लांबीत एकसारख्या कमानीत वाकते. रोध जास्त असलेली पट्टी क्लिपपाशी मुडपते आणि पुढे काठीसारखी सरळ राहते.

यावर उपाय कार्बन बदलण्याचा नाही, पृष्ठभागावर चांगला वाहक थर देण्याचा आहे. एस्टोनियातील टार्टू विद्यापीठाच्या गटाने कार्बाइडजन्य कार्बनच्या पट्ट्यांवर जे काम केले, त्यात बाहेरून सोन्याचा अतिशय पातळ पत्रा दाबून बसवण्याची पद्धत रूढ झाली, आणि मीही तीच वापरतो. सुमारे १०० नॅनोमीटर जाडीच्या सोन्याचा तुमच्या मापाच्या पट्टीवरचा रोध कागदावर एक-सव्वा ओहम येतो. प्रत्यक्षात सुरकुत्या आणि चिरा धरून पाच ओहमपर्यंत जातो. म्हणजे १६ सेकंदांची वेळ एक-दोन सेकंदांवर येते. आपल्या सराफ बाजारात वर्ख मिळतो, पण मिठाईवरचा चांदीचा वर्ख चुकूनही वापरू नका. धन बाजूला चांदी विरघळते, तिचे आयन पडदा ओलांडून दुसऱ्या बाजूला जातात आणि तिथे केसासारखे तंतू वाढून पट्टी शॉर्ट होते. तांबे मिसळलेल्या सोन्याच्या वर्खातही तांब्याचा तोच धोका राहतो. चोवीस कॅरटचाच वर्ख मागून घ्या, पातळ बाइंडरचा एक हात देऊन तो बसवा आणि शक्य असेल तर पट्टी किंचित वाकवलेल्या स्थितीत एकेक बाजू चिकटवा, म्हणजे नंतर वाकताना वर्ख ताणून फाटत नाही. कार्बनच्या लगद्यात पाच ते दहा टक्के कार्बन ब्लॅक घातल्यानेही रोध उतरतो, मात्र सोन्याची जागा ते पूर्ण घेत नाही.

आता पाण्याकडे येतो, कारण तुमच्या तीन दिवसांच्या गोष्टीतला मुख्य दोषी मला तेच वाटते. तुम्ही ही पट्टी ऐन श्रावणात केली आहे. नाशिकच्या पावसाळ्यात खोलीतली आर्द्रता ऐंशी-नव्वद टक्क्यांवर जाते आणि अशा हवेत उघडा पडलेला ॲक्टिव्हेटेड कार्बन स्वतःच्या वजनाच्या तीस टक्क्यांहूनही जास्त पाणी ओढून घेऊ शकतो. आयोनिक लिक्विडही पाणी शोषते. त्यातले बीएफ४ असलेले तर पाण्यात पूर्णपणे मिसळते. आणि फसवणूक अशी की, सुरुवातीला पाण्याचा फायदाच दिसतो. थोड्या पाण्याने लिक्विड पातळ होते, आयन वेगाने धावतात आणि पट्टी पहिल्या दिवशी कोरड्या पट्टीपेक्षा झोकात वाकते. तुमचे पहिल्या दिवसाचे ४ मिमी काही अंशी या पाण्याचेच असू शकतील.

पुढचे मात्र पाण्याच्या स्वभावाप्रमाणे होते. तत्त्वतः १.२३ व्होल्टच्या पुढे पाण्याचे विघटन होऊ शकते. कार्बनवर ते तेवढ्यावर लगेच जोरात सुरू होत नाही, पण दोन व्होल्टवर हळूहळू नक्की होते. हायड्रोजन आणि ऑक्सिजन थरांच्या आत तयार होतात, पडदा आणि कार्बन यांच्यामध्ये फुगवटे येतात, आणि जिथे फुगवटा आला तिथला आयनांचा मार्ग तुटतो. तुम्ही पाठवलेल्या छायाचित्रात पट्टीच्या मधोमध डाळीच्या दाण्याएवढे दोन उंचवटे दिसतात, ते हेच आहेत. त्याशिवाय बीएफ४ आयन पाण्याबरोबर, विशेषतः गरम केल्यावर, विघटित होतो आणि त्यातून हायड्रोजन फ्लोराइड निघते. तुम्ही थर ८० अंशांवर सुकवले असे लिहिले आहे. ओल्या लिक्विडसह ते उघड्या ओव्हनमध्ये करणे आरोग्यासाठीही योग्य नाही. म्हणून पुढच्या बॅचला बीएफ४ऐवजी टीएफएसआय हा ऋण आयन असलेले लिक्विड घ्या. ते पाण्यात मिसळत नाही, हवेतले पाणी कमी घेते आणि पाण्याने तसे विघटित होत नाही. त्याची वाहकता थोडी कमी आहे, एवढा तोटा मी आनंदाने पत्करतो.

माझ्या स्वतःच्या कामात एका जुलैमध्ये सलग चाळीस पट्ट्या तीन-चार दिवसांत फुगून गेल्या होत्या. त्याच लगद्याच्या, त्याच हातांनी केलेल्या फेब्रुवारीतल्या पट्ट्या अजून हलत होत्या. मी आठवडाभर कार्बन, बाइंडर आणि लिक्विडचे प्रमाण बदलत राहिलो. अखेर पावडरची उघडी बरणी वजनकाट्यावर ठेवली. ओव्हनमधून काढलेले दहा ग्रॅम कार्बन दुपारी चहाच्या वेळेपर्यंत अकराच्या पुढे गेले होते. त्या दिवसापासून पावडर १२० अंशांवर व्हॅक्यूममध्ये रात्रभर सुकवणे, गरम असतानाच सीलबंद करणे आणि तयार पट्टी ६० ते ८० अंशांवर व्हॅक्यूममध्ये सुकवून सिलिका जेलच्या डेसिकेटरमध्ये ठेवणे, यात मी सवलत देत नाही. तुमच्याकडे व्हॅक्यूम ओव्हन नसेल तर रसायनशास्त्र विभागात बहुधा असेल. तो मिळत नसेल तर पावसाळ्यात पट्ट्या करू नका, दसऱ्यानंतर करा. हा सल्ला साधा वाटेल, पण प्रकल्पाचे दोन महिने त्याने वाचतात.

क्लिपबद्दलही लिहिणे आवश्यक आहे. तुमच्या छायाचित्रात क्रोकोडाइल क्लिपच्या दातांवर हिरवट थर दिसतो. तो तांब्याचा आहे. क्लिपचे तांबे धन बाजूला विरघळते आहे, म्हणजे तुमच्या करंटचा काही भाग पट्टी वाकवण्याऐवजी क्लिप खाण्यात जातो, आणि ते तांबे पुढे पडद्यात शिरते. शिवाय क्लिपचे दात पाव मिलिमीटरच्या पट्टीत रुतून दोन्ही कार्बनचे थर एकमेकांना टेकवू शकतात. सोन्याचा मुलामा असलेल्या पीसीबीचे, म्हणजे सर्किट बोर्डाचे, दोन लहान तुकडे घ्या, तारा त्यांच्या बाहेरच्या टोकांना डाख द्या, पट्टी त्यांच्या मध्ये ठेवा आणि वरून कपडे वाळत घालायचा प्लॅस्टिकचा चिमटा लावा. सोन्याची पीसीबी नसेल तर ग्राफाइट फॉइलचा तुकडा मध्ये घातला तरी चालते. दाब सगळीकडे सारखा पडतो आणि धातू विरघळत नाही.

व्होल्टेज कुठून देता, हेही यातच येते. तुम्ही अर्डुइनो या लहान कंट्रोलर बोर्डाच्या पिनवरून पीडब्ल्यूएमने, म्हणजे पिन वेगाने चालू-बंद करून, ४० टक्के वेळ पाच व्होल्ट देऊन दोन व्होल्ट मिळवता असे लिहिले आहे. सरासरी दोन व्होल्ट येते हे खरे, पण पिन प्रत्येक वेळी पूर्ण पाच व्होल्टची थाप देते, आणि क्लिपच्या तोंडाशी, जिथे धातू ओल्या पडद्याला टेकतो, तिथे ती थाप जाणवते. दुसरे म्हणजे, चांगल्या पट्टीचा एकूण रोध सोने बसवल्यावर ११ ओहमच्या आसपास आला, तर पहिल्या क्षणी तिला १८० मिलिॲम्पिअर लागतील. अर्डुइनो उनोच्या पिनची कमाल मर्यादा ४० मिलिॲम्पिअर आहे आणि तिथपर्यंतही नेऊ नये. म्हणजे पट्टी सुधारलीत तर पिन अडेल आणि तुम्हाला वाटेल की सुधारणा झालीच नाही. समायोज्य रेग्युलेटरवर स्थिर दोन व्होल्ट घ्या आणि दिशा बदलण्यासाठी डीपीडीटी रिले, म्हणजे दोन्ही तारांची एकदम अदलाबदल करणारा स्विच, लावा. आवाज होतो, पण इतके साधे आणि विश्वासू दुसरे काही नाही.

पाच व्होल्टचा प्रश्न यामुळे आपोआप निकालात निघतो. कोरड्या आयोनिक लिक्विडची सहनशक्ती चार व्होल्टपर्यंत असल्याचे तुम्ही वाचले असेल. ते मोजमाप गुळगुळीत धातूवर, कोरड्या पेटीत, शुद्ध लिक्विडचे असते. सच्छिद्र कार्बनवर पृष्ठभाग प्रचंड, त्यावर ऑक्सिजनचे गट, राखेचे अंश आणि थोडे तरी पाणी असते. बाजारातला सुपरकॅपॅसिटर हातात घेऊन पाहा. कडेकोट बंद डब्यात, कारखान्यात सुकवलेल्या कार्बनसह, त्यावर २.७ व्होल्ट छापलेले असते. उघड्या पट्टीला मी दोनच्या आसपास ठेवतो आणि अगदी कोरड्या पट्टीला अडीचपर्यंत नेतो, त्यापुढे नाही.

आता निदान कसे करायचे, ते सांगतो. सगळ्यात आधी मल्टीमीटर ओहमवर ठेवून पट्टीच्या दोन बाजूंना लावा. पट्टी ठीक असेल तर आकडा कमी रोधापासून सुरू होऊन हळूहळू वर चढत राहतो, कारण मीटरचा करंट तिला चार्ज करत असतो. आकडा एकाच ठिकाणी काही ओहमवर स्थिर राहिला तर आत शॉर्ट आहे आणि त्या पट्टीवर अधिक वेळ घालवू नका. त्यानंतर एक ओहमचा रोध मालिकेत लावून त्यावरचे व्होल्टेज नोंदवा, म्हणजे करंट मिळेल. पट्टीला दोन व्होल्ट द्या आणि पाच मिनिटे थांबा. करंट सुरुवातीला उंच उडी घेऊन उतरत जायला हवा. माझ्या कोरड्या पट्ट्यांत पाच मिनिटांनी तो पहिल्या मूल्याच्या एक टक्क्याखाली असतो. तो एखाद्या पातळीवर अडकून राहिला, तर तेवढा करंट सतत काहीतरी रासायनिक बिघाड करत आहे. मग दोन्ही टोके जोडून पट्टी रिकामी करा आणि बाहेर आलेला चार्ज मोजा. आत गेलेल्याच्या नव्वद टक्क्यांहून जास्त परत आला तर पट्टी निरोगी आहे. आणि आत गेलेला चार्जच ०.३२ कूलोमच्या अंदाजापेक्षा फार कमी असेल, तर वाट अडलेली आहे: सोने, दाब किंवा सुकलेला पडदा तपासा.

हलण्याचे मोजमाप मिलिमीटरमध्ये सांगण्यापेक्षा ताणात, म्हणजे थराची लांबी किती टक्के बदलली यात, सांगा, म्हणजे वेगवेगळ्या मापाच्या पट्ट्यांची तुलना करता येईल. जाडीच्या दुपटीला टोकाच्या सरकण्याने गुणा आणि लांबीचा वर्ग अधिक सरकण्याचा वर्ग या बेरजेने भागा. तुमच्या ४ मिमीचा ताण ०.४८ टक्के येतो आणि १ मिमीचा ०.१२ टक्के. कार्बनच्या चांगल्या पट्ट्या एक-दोन टक्क्यांपर्यंत जातात, तेव्हा पहिल्या दिवसाचे तुमचे काम अजिबात कमी नव्हते.

कार्बाइडजन्य कार्बनबद्दल विचारले आहे, तेव्हा त्याचे खरे महत्त्व सांगणे न्याय्य होईल. टायटॅनियम कार्बाइडवर ४०० ते १००० अंशांवर क्लोरीन सोडला की टायटॅनियम क्लोराइड होऊन निघून जातो आणि त्याच्या जागी छिद्रे राहतात. तापमान बदलून छिद्रांचा आकार जवळजवळ हवा तसा ठरवता येतो, हे त्याचे मोठेपण. २००८ साली फ्रान्समधील पॅट्रिस सिमॉन आणि अमेरिकेतील युरी गोगोत्सी या संशोधकांच्या गटांनी अशा कार्बनमध्ये ईएमआय-टीएफएसआय वापरून दाखवले की छिद्र आयनाच्याच आकाराचे, म्हणजे सुमारे ०.७ नॅनोमीटर असते तेव्हा चार्ज साठवण्याची क्षमता सर्वाधिक असते. त्याहून अरुंद छिद्रात आयन शिरत नाही आणि रुंद छिद्रात तो सैल राहतो. २०१० च्या सुमारास टार्टूच्या संशोधकांनी या कार्बनचे ॲक्च्युएटर, म्हणजे विजेवर हलणारे भाग, प्रसिद्ध केले. त्याआधी १९९९ मध्ये अमेरिकेतील संशोधक रे बॉमन यांच्या गटाने कार्बन नॅनोट्यूबच्या पत्र्यांचे ॲक्च्युएटर खारट पाण्यात चालवून दाखवले होते आणि २००५ मध्ये जपानी संशोधकांनी नॅनोट्यूब व आयोनिक लिक्विड यांची हवेत चालणारी पट्टी केली होती. नॅनोट्यूबच्या तुलनेत सच्छिद्र कार्बन पावडर स्वस्त आहे आणि तिची क्षमता जास्त आहे, म्हणून आपल्यासारख्यांना या वाटेने जाणे परवडते. मात्र छिद्र अचूक असण्याचा फायदा वाट मोकळी आणि पट्टी कोरडी असल्यावरच दिसतो. तुमच्या आजच्या पट्टीत तो दिसणार नाही. क्लोरीनची प्रक्रिया महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत करून पाहण्याचा विचारही मनात आणू नका.

करवंटीच्या कार्बनबाबत मात्र एक तपासा. तो पाणी शुद्धीकरणाच्या गाळणीतला असेल, तर त्यात राख आणि लोहाचे अंश असतात आणि ते गळतीचा करंट वाढवतात. पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाने धुऊन, नंतर पाणी उदासीन होईपर्यंत भरपूर डिस्टिल्ड पाण्याने धुऊन घ्या. इलेक्ट्रोडच्या प्रतीचा कार्बनही करवंटीपासूनच होतो. त्यातली राख एक टक्क्याखाली असते आणि दळण एकसारखे असते. कार्बाइडपेक्षा तो पुष्कळ स्वस्त पडेल आणि तुमच्या प्रकल्पाला पुरेसा आहे. लगद्यासाठी डायमिथाइल ॲसिटामाइड वापरत असाल तर नायट्राइलचे हातमोजे त्याच्यापुढे टिकत नाहीत. ब्युटिल रबरचे घ्या आणि काम फ्यूम हूडखालीच करा. हे द्रावक त्वचेतून शरीरात जाते आणि प्रजनन आरोग्याला घातक आहे.

शेवटी उपयोगाचा प्रश्न. पट्टीचा कडकपणा ५० मेगापास्कल धरला आणि ताण तुमचा ०.४८ टक्के घेतला, तर टोक अडवून धरल्यावर मिळणारे बळ ०.३७ मिलिन्यूटन येते, म्हणजे सुमारे ३८ मिलिग्रॅम वजनाएवढे. ठिबकच्या नळीत एक किलोचा दाब असताना ४ मिमी व्यासाच्या छिद्रावर सव्वा न्यूटन बळ येते. ते उघडायला अशा तीन हजारांहून जास्त पट्ट्या लागतील. पट्टी दुप्पट जाड केली तर बळ चौपट होते, पण सरकणे निम्मे होते आणि आयनांना आत जायला साधारण चौपट वेळ लागतो. त्यामुळे व्हॉल्व्हचा विचार सोडून द्या आणि ठिबकसाठी ९ व्होल्टच्या क्षणिक झटक्यावर चालणारा आणि नंतर त्याच स्थितीत टिकून राहणारा लॅचिंग सोलेनॉइड घ्या. शेतकऱ्याला पाणी वेळेवर मिळणे महत्त्वाचे आहे आणि ते काम सोलेनॉइड चोख करतो.

सेन्सरचे झाकण मात्र या पट्टीसाठी अगदी योग्य काम आहे, आणि तुमची ही कल्पना मला मनापासून आवडली. प्रत्येक मोजणीपूर्वी प्रकाश अडवून अंधारातले वाचन घ्यायचे, एवढेच तिला करायचे आहे. साध्या काळ्या कागदाचा १५ मिमी चौरस तुकडा १८ मिलिग्रॅमचा असतो. पट्टी आडवी ठेवून तो उचलायला लावला तर अर्धी ताकद वजनातच जाईल, म्हणून पट्टी उभी टांगा आणि कागद बाजूला सरकू द्या. पट्टी आणि झाकण काचेच्या आतल्या बाजूला, सिलिका जेलच्या पुडीसह सीलबंद डबीत ठेवा, म्हणजे फवारणीचे थेंब आणि दव दोन्ही दूर राहतील. एका हालचालीला स्रोताकडून ०.६४ जूल लागते; दिवसाला शंभर हालचाली धरल्या तरी ६४ जूल, जे लहानशा सौर पॅनेलला सहज झेपते. वेग सेकंदांत असला तरी इथे अडत नाही. फक्त निफाडकडच्या डिसेंबरातल्या पहाटेचा विचार आधीच करा: थंडीत आयोनिक लिक्विड घट्ट होते आणि जी पट्टी दुपारी तीन सेकंदांत वाकते तिला पहाटे कितीतरी जास्त वेळ लागतो. प्रोग्राममध्ये ठरावीक सेकंद न थांबता, प्रकाश खरोखर अडला का हे त्याच सेन्सरवरून पाहून पुढे जा.

कामाचा क्रम मी असा ठेवीन. आधी चिमटा आणि रेग्युलेटर बदला, कारण ते एका दुपारचे काम आहे, आणि जुन्याच पट्टीवर करंटचा आलेख घ्या. मग टीएफएसआयची एक पट्टी नीट सुकवून, सोन्याच्या वर्खासह करा आणि तिचाही तसाच आलेख घ्या. दोन्ही आलेख आणि दोन्ही पट्ट्यांचे बाजूने काढलेले छायाचित्र इथे टाकलेत, तर गळती कुठे आहे आणि वाट कुठे अडते आहे, हे आकड्यांवरून सांगता येईल.